दाबा… धरा… सोडा

“थांबा! पाणी ओतू नका!”

बाटलीचं झाकण काढून मी वाकलेच होते. आत्याच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून निळसर धूर निघत होता, करपल्याचा वास सुटला होता, आणि मला आपलं साधं गणित कळत होतं — तापलंय तर गार करायचं. तेवढ्यात रस्त्यापलीकडे सायकल आडवी टाकून एक जण धावत आला आणि माझ्या नि चाकाच्या मधे उभा राहिला. अक्षरशः मधे.

“अहो, धूर येतोय!”

“दिसतोय.”

“मग?”

“चाकातल्या तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं तर तो तडकतो. मग धूरही संपला आणि गाडीही.” त्यानं हाताची मागची बाजू चाकाजवळ नेली… न टेकवता, ताप आलेल्या मुलाच्या कपाळाजवळ न्यावी तशी. “हे पाणी तुम्हीच प्या. तुमचा चेहरा चाकापेक्षा लाल झालाय.”

अनोळखी माणूस असं बोलला की एरवी मी त्याला चांगलंच फैलावर घेते. त्या दिवशी मुकाट्यानं पाणी प्यायले. का, ते मलाही कळलं नाही.

स्टिअरिंगवर माझी आत्या बसली होती. वय बहात्तर, गुरांची निवृत्त डॉक्टर. ही गाडी तिनं नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी जुनी म्हणून घेतली आणि पुढची तीस वर्षं तिच्यातून रानोमाळ हिंडत अडलेल्या गाई सोडवल्या. दुधी रंग, गडद हिरवं छप्पर, बेडकाच्या डोळ्यांसारखे पुढे आलेले दिवे. असल्या गाड्या आता चित्रांतच दिसतात.

“कोण रे तू?” आत्यानं काच खाली करून विचारलं.

“जुन्या गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करतो. दोन गल्ल्या सोडून गॅरेज आहे माझं.”

“फक्त ब्रेक?”

“गाडी सुरू करून देणारे पुष्कळ आहेत, डॉक्टरबाई. थांबवून देणारे कमी.”

तिच्या जुन्या पिशवीवर अजून पशुवैद्याची खूण होती, ती त्यानं धावता धावता टिपली होती तर! आत्या हसली. माझ्या आत्याला हसवायला गाईला जुळी व्हावी लागतात, असं बाबा म्हणतात.

अर्ध्या तासानं चाक निवलं. मग आत्या शेजारच्या सीटवर सरकली, तो स्टिअरिंगवर बसला आणि नुसत्या हँडब्रेकवर, चालत्या माणसाच्या वेगानं, गाडी गॅरेजपर्यंत घेऊन गेला. मागून त्याची सायकल ढकलत मी. समोरच्या आरशात तो एकदा बघून हसला, हे मी पाहिलं. पाहिलं नाही असं दाखवलं, तेही त्यानं पाहिलं.

*

आता यात अडचण काय होती ते सांगते. तीन आठवड्यांनी गाडीची तपासणी होती. तीत ब्रेक नापास झाले की नोंदणी रद्द, म्हणजे गाडी पुन्हा रस्त्यावर येणार नाही. गावाबाहेरच्या एका हॉटेलवाल्यानं ती मागून ठेवलीच होती. दारात चौथऱ्यावर उभी करायची, चाकांखाली विटा लावून, लोकांनी फोटो काढायला. आणि बाबांनी, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावानं, धुराचं कळताच स्पष्ट सांगून टाकलं होतं, “ताई, पास झाली तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. पण नापास झाली, तर तूही गाडी चालवणं सोडायचं.”

आत्या “बरं” म्हणाली होती. तिच्या “बरं”मधलं बरं किती असतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी माझा दवाखाना आटोपून मी गॅरेजमध्ये गेले, आत्याची छत्री गाडीत राहिली म्हणून. खरंच राहिली होती. तिसऱ्या दिवशी तिचा चष्मा राहिला. चौथ्या दिवशी मात्र काहीच राहिलेलं नव्हतं, तरी मी गेलेच.

लांबट खोली, वर पत्रा, एका बाजूनं काचेतून येणारा शांत उजेड. भिंतीवर प्रत्येक पान्याच्या आकाराची रेघ काढलेली. पाना काढला की त्याची रिकामी सावली मागे राहायची. चार चाकांची चार ताटं, आणि त्यांत भाग ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं मांडलेले. पाना खाली ठेवण्याआधी तो दर वेळी फडक्यानं पुसायचा. घाईत असला तरी. कुणी बघत नसलं तरीसुद्धा… हे मी दाराबाहेर थांबून खात्री केलेलं आहे.

“या, बसा. त्या स्टुलाचे तीनच पाय धड आहेत, हलतं ते चौथ्यामुळे,” तो म्हणाला. मग ड्रमच्या आतलं दाखवत बोलू लागला. “पेडल दाबलं की तेल इथवर येतं. ते या पिस्टनला ढकलतं, पिस्टन या दोन पट्ट्यांना ढकलतो, त्या ड्रमला आतून टेकतात, चाक थांबतं. पेडल सोडलं की सगळ्यांनी गुपचूप घरी परत यायचं. हा पिस्टन गंजून बसलाय. घरी जातच नाही.”

“माझ्याकडे असे खांदे येतात,” मी म्हणाले. मी फिजिओथेरपिस्ट आहे.

“आणि मग तुम्ही काय करता? हातोडी?”

“रोज थोडं थोडं. दुखेल तिथपर्यंत. त्यापुढे नाही.”

त्यानं पहिल्यांदाच हातातलं काम थांबवून माझ्याकडे नीट पाहिलं. “म्हणजे तुम्ही माझ्याच धंद्यातल्या निघालात की!”

पिस्टन त्यानं ग्रीसगननं काढला. मागून ग्रीस भरत गेला, एकेक दाब, आणि इतकी वर्षं बसलेला तो हट्टी तुकडा केसाकेसानं बाहेर आला. पण खरा वेळ खाल्ला तो तेलातली हवा काढायच्या स्क्रूनं, निपलनं. करंगळीएवढासा तो, पिस्टन ज्यात सरकतो त्या सिलिंडरच्या पाठीवर गंजून एकजीव झालेला. तो तुटला तर सिलिंडर गेला, आणि या गाडीचा नवा सिलिंडर आता कुठेच मिळत नाही.

दोन दुपारी तो त्या निपलपाशी बसला. आजूबाजूचा भाग हलकेच तापवायचा, मेणबत्तीचं टोक टेकवायचं, मेण वितळून आट्यांत झिरपू द्यायचं. मग पाना लावून… नुसतं विचारायचं. हो, विचारायचंच! जोर असा नव्हताच. इकडे एक रेघ, तिकडे अर्धी रेघ. पुन्हा मेण.

“माझा हात एव्हाना शिवशिवला असता,” मी म्हणाले.

“माझाही शिवशिवतो.”

“मग?”

“मग तुमच्याशी बोलतो.”

बाहेर रिमझिम सुरू झाली होती, पत्र्यावर हलकं टपटपत होतं. आणि तेवढ्यात ‘कट्’ असा बारीक आवाज झाला. तुटला?

तो तसाच बसून राहिला, डोळे मिटून. मग हळूच पाना फिरवला. निपल फिरला. पूर्ण एक फेरा फिरला. त्यानं तो काढून माझ्या तळहातावर ठेवला, अजून कोमट होता.

“अभिनंदन,” तो म्हणाला. “बाई आणि निपल, दोघी सुखरूप.”

“निपल पुल्लिंगी आहे.”

“बघा, माझी शाळा पण घेता.”

*

त्याच आठवड्यात त्यानं एक प्रश्न विचारला. सहज, ताटातला भाग पुसता पुसता.

“एक विचारू? तुम्हाला ही गाडी पास व्हायला हवीय… की नकोय?”

मला राग आला. खरं पकडलं गेलं की येतो तसा.

“हा काय प्रश्न झाला?”

“तुम्ही रोज विचारता, जमेल का? पण जमेल म्हटलं की तुमचा चेहरा उतरतो.”

मी स्टुलावर बसले. ते हललं. “धुराचं बाबांना मीच सांगितलं,” मी म्हणाले. “आत्याला वाटतं, त्यांना बाहेरून कळलं. मला भीती वाटते हो. ती बहात्तरची आहे. एकटी जाते. मला वाटलं… नापास झाली तर कुणालाच वाईटपणा घ्यावा लागणार नाही.”

मला वाटलं, आता हा समजूत घालणार. तो म्हणाला, “डॉक्टरबाई गाडी कशी चालवतात, पाहिलंय तुम्ही?”

“लहानपणापासून शेजारी बसतेय!”

“बसलाय. पाहिलंय का? त्या दिवशी मी समोरून येत होतो. धूर दिसायच्या आधी त्यांना वास आला असणार. गचका नाही, गडबड नाही. हात बाहेर काढून मागच्याला खूण केली, गिअर उतरवत गाडी कडेला घेतली, तीही अशी की मागून येणाऱ्या बसला वाट राहील. चाळिशीतली माणसं त्या जागी रस्त्याच्या मधोमध गाडी सोडून पळतात.” मग थोडं थांबून, “घाबरून तुम्ही पळत खाली उतरलात. त्या नाही.”

दुसरं कुणी हे बोललं असतं तर मी उठून गेले असते. पण त्याच्या आवाजात टोचणं नव्हतं. निपलला विचारावं तसंच त्यानं मला विचारलं होतं. मी घरी गेले आणि आत्याला सगळं सांगून टाकलं.

आत्या वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाली, “मला ठाऊक होतं गं. तुझ्या बापाला बाहेरून काही कळायला तो बाहेर जातो कुठे?” मग म्हणाली, “तुला हे सांगायला कुणी लावलं, ब्रेकवाल्यानं ना? बरं आहे पोरगं.”

हे “बरं” मात्र खरंच बरं होतं.

*

तपासणीच्या चार दिवस आधी सगळं जोडून झालं. सिलिंडर आतून आरशासारखा, नवी रबरं, नव्या पट्ट्या. हवा काढताना पेडलवर आत्या बसली आणि बैलाला हाकावं तशा आवाजात “दाबलंय!” ओरडत राहिली. मग तिघं चक्कर मारायला निघालो. कोपऱ्यापर्यंत झकास! परत येताना गाडी जड झाली. डावं चाक पुन्हा धरून बसलं. पुन्हा तोच वास.

तो खाली उतरला. चाकाजवळ हात नेऊन पाहिला. आता हा काय सांगेल? तेल खराब निघालं, रबर खोटं निघालं… कारणं पुष्कळ असतात.

“डॉक्टरबाई,” तो म्हणाला, “माझं चुकलं. पिस्टन अडकलेला दिसला आणि मी तिथेच थांबलो. पुढे बघितलंच नाही. अजून काहीतरी आहे. मला उद्यापर्यंत वेळ द्या.”

बस्स, एवढंच. मी कितीतरी मोठमोठे डॉक्टर पाहिलेत, पण “माझं चुकलं” इतक्या सरळ म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. आणि खरं सांगते, त्या क्षणी, त्या करपट वासात, मला तो इतका आवडला की मी घाईघाईनं आत्याची पिशवी आवरायला लागले. ती आवरलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला एक काळी रबरी नळी दाखवली, उभी चिरलेली. चाक वळतं म्हणून शेवटचा हातभर तुकडा रबरी असतो, तो हा. बाहेरून धडधाकट. आतून मात्र सुजून वाट जवळजवळ बंद झाली होती.

“पाय दाबला की जोरानं तेल पलीकडे जातं,” तो म्हणाला. “पाय सोडला तरी परत यायला वाटच नाही. आत दाब तसाच. बिचारं चाक काय करणार?”

“बाहेरून काहीच कळत नाही,” मी नळी उलटसुलट करत म्हणाले.

“नाहीच कळत.” तो नळीकडे बघत नव्हता.

तशी नळी बनवून देणारा एकच कारागीर होता, दुसऱ्या शहरात. पहाटेच्या बसनं तो स्वतः गेला. त्या दिवशी दवाखाना सुटल्यावर माझे पाय सवयीनं गॅरेजकडे वळले. दार बंद. काचेतून आत पान्यांच्या जागा दिसत होत्या, ते हलणारं स्टूल दिसत होतं. मी तिथे उगाच पाच मिनिटं उभी राहिले. शेजारची शिंपीणबाई म्हणाली, “उद्या येतो म्हणाला. तुम्ही आलात तर सांगायला सांगितलंय.”

तुम्ही आलात तर! मी घरापर्यंत कशी आले ते आठवत नाही.

*

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी नळी बसली. पुन्हा चारही चाकांतली हवा काढायची, आणि त्याला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक चाकाशी.

“माझा गुडघा दुखतोय,” आत्या म्हणाली. “भिंगरी बसेल.”

भिंगरी म्हणजे मी. आणि आत्याचा गुडघा मीच तपासते. तो अगदी ठणठणीत आहे. पण आत्या शिंपीणबाईकडे गप्पा मारायला निघूनही गेली.

“भिंगरी?” तो हसू दाबत म्हणाला.

“काम करा.”

मी स्टिअरिंगवर, तो चाकाशी. निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक तेलाच्या बाटलीत. तो निपल उघडणार, तेलाबरोबर बुडबुडे निघणार, तो बंद करणार, मग मी पाय उचलायचा. बंद करण्याआधी पाय उचलला तर हवा उलट आत.

“दाबा.”

“दाबलं.”

“धरा… धरून ठेवा…” बुडबुड असा आवाज. “सोडा.”

मागची दोन चाकं झाली. पुढचं डावं झालं. पेडल दर वेळी जरा घट्ट लागत होतं, तळव्याला कळत होतं. चौथ्या चाकाशी तो बसला तेव्हा माझ्यापासून दोन हातांवर होता, पण मधे चाकावरचा पत्रा. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. त्याला माझा.

“दाबा.”

“दाबलं.”

“धरा.”

“धरलंय.”

बुडबुड झाली आणि थांबली. मग तो म्हणाला, “उद्या पास झाली की तुम्ही येणार नाही ना इकडे?”

“काही राहिलं तर येईन.”

“सगळं नीट बघून परत देतो मी. काही राहत नाही माझ्याकडे.” जरा थांबून, अगदी हळू, “या वेळी पहिल्यांदाच वाटतंय, काहीतरी राहावं. चष्मा नाही, छत्री नाही… तुम्ही.”

माझा पाय उचलला गेला.

सुर्रकन आवाज झाला.

“अहो! पाय का उचललात? निपल उघडा होता!”

“तुम्ही मधेच असं का बोललात?”

“धरा म्हटलं होतं ना!”

“मग उघडा ठेवून कशाला बोलायचं!”

मग पत्र्याच्या पलीकडून दबलेलं हसू ऐकू आलं, आणि मलाही आवरेना. स्टिअरिंगवर डोकं टेकून मी हसत राहिले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“हे चाक पुन्हा पहिल्यापासून,” तो म्हणाला. “आता बोलत नाही.”

आणि खरंच बोलला नाही. दाबा, धरा, सोडा, एवढंच. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तोवर आत्या “झालं का रे?” करत दारात हजर.

*

तपासणीच्या मैदानात आभाळ भरून आलं होतं. जमिनीवर एक पांढरी रेघ. किडकिडीत तपासनीस वही घेऊन उभा, आणि बाबा हाताची घडी घालून. ब्रेकवाला कुंपणापाशी, माझ्यापासून बराच लांब. कालपासून त्यानं माझ्याकडे नीट बघितलंही नव्हतं.

“आजी, चालवणार कोण?” तपासनीसानं विचारलं.

“आजीच,” आत्या म्हणाली.

गाडी दूरवर गेली, वळली, वेग घेत आली. या वेळी मी नुसती उभी नव्हते. मी पाहत होते. आत्याचे हात स्टिअरिंगवर सैल, पाठ सरळ, नजर लांब. इतकी वर्षं मी तिच्या शेजारी बसले आणि ही बाई इतकी सुंदर गाडी चालवते हे मला कुणी तरी सांगावं लागलं. रेघ आली. ना किंचाळी, ना ओढ. दुधी गाडीनं नाक जरासं खाली केलं आणि ती थांबली. चाकं रेघेवर, सरळ.

तपासनीसानं पुन्हा एकदा करायला लावलं. मला वाटतं, दुसऱ्या वेळी त्याला नुसतं बघायचं होतं. मग त्यानं शिक्का मारला.

बाबा गाडीभोवती एक चक्कर मारून आले. घसा खाकरला. “ताई… मला बाजारापर्यंत सोडतेस?”

“बस,” आत्या म्हणाली. बाबा पुढे बसले. मी मागचं दार उघडायला गेले, तर आतून कडी. “मागे माझी पिशवी बसलीय,” आत्यानं काचेतून सांगितलं. “तुम्ही दोघं या चालत.” आणि हात बाहेर काढून, व्यवस्थित खूण करून, ती निघून गेली.

आम्ही चालू लागलो. पावसाची बारीक भुरभुर होती. तो रस्त्याच्या बाजूनं चालत होता, मला आतल्या बाजूला ठेवून.

“काल मी जरा जास्तच बोललो,” तो म्हणाला. “तुम्ही मनावर घेऊ नका.”

“घेतलंय.”

“मग… सोडा.”

“नाही सोडणार.” मी थांबले. “तुमचं काम मी तीन आठवडे बघतेय. हात बघितले. चुकलं तर चुकलं म्हणणं बघितलं. माझ्या आत्याला माझ्याआधी तुम्ही नीट पाहिलंत. इतकं चांगलं माणूस मला माहीत नव्हतं, आता माहीत झालंय, तर ते कुठे ठेवू? मला तू आवडतोस. खूप. झालं, बोलले.”

प्रत्येक गोष्टीला उत्तर असणारा तो माणूस माझ्याकडे बघता बघता दोन पावलं मागे सरकला, थेट रस्त्यात, आणि तिथेच उभा. मागे बस येऊन थांबली. भोंगा वाजला. तो हलेना. पुन्हा वाजला.

बसवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं. “ओ भाऊ! प्रेम जरा बाजूला घ्या!”

मी त्याचा हात धरला आणि त्याला बाजूला घेतलं. बस गेली. खिडक्या खिडक्यांतून माणसं बघून हसत गेली.

हात मी सोडला नाही. त्यानंही नाही.

“परत म्हण,” तो म्हणाला. “भोंग्यात नीट ऐकू नाही आलं.”

ऐकू सगळं आलं होतं. मी परत म्हटलं.